पथछायाचित्रण

रस्ते, बाजार, बंदरे, देवळांची आवारे, बसस्थानके यांसारख्या सार्वजनिक जागी चाललेले दैनंदिन जीवन, कोणतीही पूर्वयोजना वा मांडणी न करता, जसे दिसेल तसे टिपण्याचा छायाचित्रणाचा एक प्रकार. यात माणसाला विशिष्ट जागी उभे केले जात नाही, कृत्रिम प्रकाशयोजना केली जात नाही व घडून गेलेली कृती पुन्हा करावयास सांगितले जात नाही. छायाचित्रकाराच्या हाती केवळ तीन गोष्टी राहतात : उभे राहण्याची जागा, चौकटीची मर्यादा आणि झडप म्हणजे शटर उघडण्याचा क्षण. छंद म्हणून या प्रकारास खर्च बेताचा येतो आणि त्यासाठी स्वतंत्र प्रवास करावा लागत नाही. कामावर जाण्यायेण्याची किंवा सायंकाळी फिरण्याची नेहमीची वाट त्यास पुरते.

‘पथ’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घ्यावयाचा असतो. ज्या जागी कोणालाही जाता येते व जेथे माणसांचा एकमेकांशी संबंध येतो, अशी कोणतीही जागा या प्रकारच्या कक्षेत येते. वृत्तछायाचित्रणाहून हा प्रकार वेगळा आहे. कारण त्यात महत्त्वाच्या घटनेची अपेक्षा नसते. पर्यटकाने काढलेल्या छायाचित्रांहूनही तो वेगळा ठरतो. मालवणच्या बंदरावरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारा प्रवासी बहुधा किल्ल्याचे छायाचित्र काढतो. पथछायाचित्रकाराचे लक्ष त्याच धक्क्यावर दोर सोडणाऱ्या होडीवाल्याकडे, उतारूंच्या चपलांकडे किंवा तिकिटासाठी थांबलेल्या कुटुंबाकडे असते. हा प्रकार पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, मुंबई अशा महानगरांत वाढला. त्यामुळे त्याचे बहुतेक संकेत अनोळखी गर्दीला धरून बनले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मालवण, वेंगुर्ले, देवगड अशा गावांत ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते का लागू पडत नाहीत, हे पाहिले असता या छंदाचे खरे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

इतिहास : रस्त्याचे छायाचित्र छायाचित्रणाइतकेच जुने आहे. फ्रेंच संशोधक लूई दागेअर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका रुंद रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या वेळी प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत असल्याने चालती माणसे व गाड्या उमटल्याच नाहीत. मात्र जोड्यांना पॉलिश करवून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक माणूस तेवढा त्यात दिसतो. हलत्या माणसाला पकडणे ही या प्रकाराची पहिली अडचण होती आणि तिचे निवारण साधनांच्या सुधारणेनेच झाले. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला व १९०० मध्ये ‘ब्राउनी’ हा एक डॉलर किमतीचा कॅमेरा निघाला. त्यामुळे छायाचित्रण व्यावसायिकांच्या हातून हौशी माणसांच्या हाती गेले. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांनी चलच्चित्राची ३५ मिमी. रुंदीची फिल्म वापरणारा लहान कॅमेरा तयार केला. ‘लायका’ या नावाने तो १९२५ मध्ये विक्रीस आला. खिशात मावणारा, आवाज न करणारा व एका पाठोपाठ अनेक चित्रे घेणारा हा कॅमेरा पथछायाचित्रणाचे प्रमुख साधन बनला.

फ्रान्समधील यूजीन आत्‌झे (१८५७–१९२७) यांनी जुन्या पद्धतीचा जड कॅमेरा व काचपट्ट्या वापरून पॅरिसमधील गल्ल्या, दुकाने, फेरीवाले व पाडली जाणारी घरे यांची हजारो छायाचित्रे घेतली. चित्रकारांना व संग्रहालयांना उपयोगी पडणारी साधनसामग्री पुरविणे एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु बदललेल्या पॅरिसचा तोच सर्वांत विश्वसनीय आलेख ठरला. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) यांनी लहान कॅमेऱ्याने रस्त्यावरील हालचाल आणि भौमितिक रचना यांचा मेळ घातला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या इंग्रजी आवृत्तीमुळे ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा रूढ झाली. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते व महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट फ्रँक यांचा अमेरिकेतील प्रवासावर आधारलेला संग्रह १९५८ मध्ये पॅरिस येथे निघाला. या प्रकारातील टीकात्मक दृष्टीचा तो आरंभ मानला जातो. शिकागो येथे मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) यांनी फावल्या वेळात एक लाखाहून अधिक चित्रे घेतली आणि ती फारशी कोणाला दाखविली नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा ती उजेडात आली. केवळ छंद म्हणून केलेले काम किती मोलाचे असू शकते आणि ते नष्ट होण्याच्या किती जवळ असते, या दोन्ही गोष्टींचे हे ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रात छायाचित्रणाची संघटित सुरुवात मुंबईत झाली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था त्यानंतर निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेचे सदस्य होते व स्वतः छायाचित्रे घेत असत. भाऊ दाजींचा जन्म सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेल्या, गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मांद्रे या गावचा. त्या काळातील मुंबईच्या छायाचित्रांत निरनिराळ्या जातिजमातींचे व धंद्यांचे लोक दिसतात. परंतु ते नमुने म्हणून उभे केलेले असतात, रस्त्यात आढळलेले नसतात. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकल्या. १९३० नंतरच्या दशकात मुंबईतील सामान्य जीवनाची त्यांनी घेतलेली छायाचित्रे प्रथम त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. पुढे दिल्लीतील वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. तथापि मुंबईची ती प्रारंभीची चित्रे पथछायाचित्रणातच मोडतात. रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी भारतीय रस्त्यांसाठी कृष्णधवलाऐवजी रंगीत फिल्मचा आग्रह धरला. मुंबईवरील त्यांचा ग्रंथ १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

लहान गावांत हा छंद उशिरा पोहोचला. फिल्म व तिच्यावरील प्रक्रिया महाग असल्याने छायाचित्र ही लग्न, मुंज, शाळेचा वर्ग अशा प्रसंगांपुरती राखून ठेवण्याची गोष्ट होती. १९६०–८० च्या काळात भारतात ‘आग्फा क्लिक-३’ यासारखे साधे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत आले. १२० आकाराच्या एका गुंडाळीवर त्यांतून १२ चित्रे निघत. बाजारातील कोलाहलावर त्यांतील एखादे ‘वाया घालविणे’ बहुतेकांना परवडत नसे. किनाऱ्यावरील गावांच्या कौटुंबिक संग्रहांत माणसांचे चेहरे पुष्कळ आणि त्यांच्या दारासमोरचा रस्ता मात्र क्वचित आढळतो, याचे हेच कारण होय. अंकीय कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाला. २००० नंतर तो स्वस्त झाला व पुढे भ्रमणध्वनीतच बसविला गेला; त्यामुळे खर्चाची ही अडचण जवळजवळ नाहीशी झाली.

मालवण किनाऱ्यावरील क्षेत्र : सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याला ज्या किल्ल्याचे नाव मिळाले, तो छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग मालवण बंदरासमोरील खडकाळ बेटावर आहे. मालवणचे भरडापासून बाजारपेठेतून बंदरापर्यंतचे अंतर सहज पायी फिरण्याजोगे आहे. उत्तरेस मेढा, राजकोट, चिवला व दक्षिणेस दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग अशी किनाऱ्याची पट्टी पसरली आहे. अरुंद गल्ल्या, जांभ्या दगडाचे गडगे, मंगलोरी कौलांची उतरती छपरे, घरापुढील खळे व तुळशीवृंदावन, माडांच्या बागा आणि त्यांपलीकडे एकदम उघडणारा समुद्र, अशी येथील रस्त्याची रचना आहे. घर व रस्ता यांमध्ये पडवी आणि खळे येत असल्याने खाजगी व सार्वजनिक यांची सीमा महानगराप्रमाणे दारापाशी ठरत नाही. ही गोष्ट छायाचित्रकाराने विशेष ध्यानात ठेवावी लागते.

येथील विषय कामांशी निगडित आहेत. रापण हे त्यांचे उत्तम उदाहरण होय. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडतात व त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसांचे दोन गट ओढीत जवळ आणतात. मिळालेली मासळी भागीदारांत वाटली जाते. या मंडळींच्या समूहालाही रापण असेच म्हणतात. ओढणाऱ्यांची तिरपी रांग, वाळूत रुतलेल्या टाचा, जाळे जवळ येताच वाढणारी घाई आणि भोवती जमणारी मुले व कावळे, यांमुळे एकाच जागी अर्धा तास थांबूनही चित्रे संपत नाहीत. यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी यांच्या प्रसारानंतर रापणीस मिळणारी मासळी घटल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे आणि या प्रश्नावर किनाऱ्यावर अनेकदा संघर्ष झाले आहेत. अशा स्थितीत रापणीचे साधे छायाचित्रही नोंदीचे मूल्य धारण करते.

यांशिवाय बंदरावर मासळी उतरल्यावर होणारा लिलाव, मासळीबाजारातील विक्रेत्या स्त्रिया, आठवडा बाजारात आलेले कोकम, काजू, भाजी व मडकी, एस्‌. टी. स्थानकावरील प्रतीक्षा, पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारण्याचे काम, जाळी विणणारे व दुरुस्त करणारे लोक हे वर्षभराचे विषय आहेत. नारळी पौर्णिमेस बंदरावर होणारी गर्दी व नारळ लढविण्याचा खेळ, दिवाळीत बाजारपेठेतून फिरणारी ग्रामदैवतांची पालखी, कार्तिकानंतर गावोगाव सुरू होणाऱ्या जत्रा व तेथील दशावतार हे प्रसंगविशेष होत. दशावताराचे प्रत्यक्ष नाट्य हा रंगभूमीचा विषय आहे. परंतु प्रयोगापूर्वी कंदिलाच्या वा दिव्याच्या उजेडात रंग लावणारा नट, खाजे विकणारा दुकानदार आणि आईच्या मांडीवर झोपलेले मूल हे पथछायाचित्रणाच्या कक्षेत येतात. सावंतवाडीस मोती तलावाचा काठ व लाकडी खेळण्यांची चितारआळी, वेंगुर्ल्यास बाजार व बंदर यांतूनही असेच विषय मिळतात.

प्रकाश व ऋतू : हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. त्यामुळे सकाळचा सूर्य जमिनीकडून, माडांच्या आडून वर येतो व किनाऱ्याची वाळू काही काळ सावलीत राहते. या वेळी प्रकाश मऊ असतो आणि चेहऱ्यांवरील तपशील नीट उमटतो. सायंकाळी समुद्राकडे तोंड करून घेतलेल्या चित्रांत माणसे काळ्या आकृतींच्या रूपात दिसतात. त्याच वेळी पाठ समुद्राकडे केल्यास घरे, होड्या व माणसे यांवर समोरून ऊन पडलेले मिळते. नवशिक्याचे लक्ष सूर्यास्ताकडे असल्याने ही दिशा त्याच्या हातून बहुधा सुटते. मालवणचे अक्षांश सुमारे १६° उत्तर आहेत. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावल्या पायांखाली नाहीशा होतात. मेमधील अशी दुपार चेहऱ्यांसाठी प्रतिकूल असते. मात्र छत्री, टोपली किंवा डोक्यावरील भारा यांखाली पडणारी दाट सावली हाच अशा वेळी चित्राचा विषय होऊ शकतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या पावसाळ्यात आकाश सारखे झाकलेले असते, सावल्या नसतात व ओल्या जांभ्याचा आणि हिरव्या शेवाळाचा रंग गडद होतो. छत्र्या, प्लॅस्टिकच्या खोळी, पागोळ्या व रस्त्यावरील पाण्यातील प्रतिबिंबे यांमुळे हा ऋतू हौशी छायाचित्रकारास प्रतिकूल न ठरता समृद्ध ठरतो. मासेमारी थांबलेली असल्याने किनाऱ्यावरील माणसांना सवड असते, हेही एक कारण होय.

साधने व तंत्र : साध्या भ्रमणध्वनीपासून ३५ मिमी. फिल्मच्या कॅमेऱ्यापर्यंत कोणतेही साधन चालते. परंतु ते लहान, हलके व सवयीचे असावे. २४×३६ मिमी. चौकटीसाठी २८ ते ५० मिमी. केंद्रांतराचे एकच भिंग पुरते. लांब केंद्रांतराच्या भिंगाने दुरूनच चेहरा जवळ आणता येतो. पण त्यामुळे माणूस आणि त्याचा परिसर यांचा संबंध तुटतो. शिवाय दूर उभे राहून घेतलेल्या चित्रात चोरून पाहिल्याचा भाव शिल्लक राहतो. रुंद कोनाच्या भिंगाने छायाचित्रकाराला जवळ जावे लागते आणि जवळ जाण्यासाठी त्याला माणसांत मिसळावे लागते.

झटपट चित्र घेण्यासाठी केंद्रीकरण आधीच ठरवून ठेवण्याची रीत आहे. ३५ मिमी. भिंगाचे छिद्र एफ/८ ठेवून अंतर ५ मी.वर लावल्यास सुमारे २.५ मी.पासून अनंतापर्यंतचा भाग समाधानकारक स्पष्ट येतो. एफ/११ व ३ मी. अशी योजना केल्यास सुमारे १.७ ते १५ मी. एवढा पट्टा स्पष्ट मिळतो. गल्लीबाजारासाठी तो पुरेसा आहे. चालत्या माणसासाठी झडपेचा वेग १/२५० सेकंद ठेवणे इष्ट असते. निरभ्र उन्हात एफ/१६ छिद्र आणि फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका वेग, उदा., १०० संवेदनशीलतेसाठी सुमारे १/१२५ सेकंद, हा जुना नियम अजूनही उपयोगी पडतो. वाळू, पाणी व मोकळे आकाश यांचा भाग चौकटीत जास्त असल्यास प्रकाशमापक फसतो व माणसे काळवंडतात. अशा वेळी एक ते दीड टप्पा प्रकाश वाढवावा. याउलट माडांखालील गल्लीत ऊन व सावली यांचे ठिपके एकत्र येतात. तेथे उजळ भागाचे माप घेऊन सावली गडद राहू देणे अधिक सुरक्षित असते.

खारी हवा ही या किनाऱ्यावरील कॅमेऱ्याची मोठी शत्रू आहे. फेरीनंतर कॅमेऱ्याचा बाह्य भाग किंचित ओल्या व नंतर कोरड्या फडक्याने पुसावा. वाळू आत जाऊ नये म्हणून किनाऱ्यावर भिंग बदलू नये. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशी वाढते. चामड्याच्या पिशवीत ओल टिकून राहत असल्याने कॅमेरा त्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा व पुड्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात.

रचनेच्या दृष्टीने तंत्रापेक्षा सवय अधिक महत्त्वाची ठरते. एकच वाट वारंवार चालल्याने कोणत्या घडीस कोणत्या भिंतीवर ऊन येते, पाण्याचा हंडा घेऊन कोण कोठून वळतो, मासळीची टोपली कोठे टेकविली जाते, याचा अंदाज बांधता येतो. अनुभवी छायाचित्रकार बहुधा पार्श्वभूमी आधी निवडतो आणि तिच्यात माणूस येण्याची वाट पाहतो. चौकटीच्या कडांकडे लक्ष देणे, डोक्यामागून उगवल्यासारखे दिसणारे खांब वा माड टाळणे आणि दोन व्यक्तींच्या आकृती एकमेकींत मिसळू न देणे, ही प्राथमिक पथ्ये होत.

ओळखीच्या गावातील छायाचित्रकार : महानगरातील पथछायाचित्रणाची परंपरा एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे पाहणारा व पाहिला जाणारा एकमेकांस अनोळखी असून पुन्हा भेटण्याचा संभव नाही. छायाचित्रकार गर्दीत अदृश्य राहतो, चित्र घेतो व निघून जातो. मालवणसारख्या गावात हे शक्य नाही. येथे कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणत्या वाडीतला, हे दोन वळणांत कळते. तो गावाबाहेरचा असेल, तर ही चौकशी अधिकच लवकर होते. त्यामुळे लपून चित्र घेण्याचे महानगरी तंत्र येथे केवळ अशोभनीय नव्हे, तर निरुपयोगीही ठरते.

अदृश्यता नसली, तरी परिचय असतो. ज्या मासेविक्रेत्या बाईला छायाचित्रकार रोज मासळी घेताना भेटतो, ती पहिल्या दिवशी कॅमेऱ्याकडे पाहून हसते वा रागावते, दहाव्या दिवशी थट्टा करते आणि त्यानंतर त्याच्याकडे लक्षच देत नाही. हे लक्ष न देणे म्हणजेच या प्रकाराला हवी असलेली सहजता होय. मात्र ती चोरून न मिळविता कमावलेली असते. अशा चित्रांचे कौशल्य बोटांच्या चपळाईत नसून परत परत जाण्यात असते. महानगरात निर्णायक क्षण एकदाच येतो असे मानतात. गावात तोच क्षण पुढल्या आठवड्यात थोड्या फरकाने पुन्हा येतो आणि त्या दोहोंतील फरक हाच पुष्कळदा अर्थपूर्ण असतो.

परिचयाबरोबर जबाबदारीही येते. चित्रातील व्यक्ती दुसऱ्या दिवशी समोर उभी राहणार असल्याने तिचा उपहास करणारे वा दैन्य रंगविणारे चित्र घेताना छायाचित्रकाराला उत्तर देण्याची तयारी ठेवावी लागते. कामात वाकलेले, घामाने भिजलेले वा जेवत असलेले माणूस केवळ ‘चित्रमय’ म्हणून वापरणे आणि त्याच्या कामाचे कसब दाखविणे, यांत स्पष्ट भेद आहे. घेतलेल्या चित्राची प्रत त्या व्यक्तीला नेऊन देणे ही अनेक देशांतील जाणत्या छायाचित्रकारांनी पाळलेली रीत आहे. लहान गावात ती विशेष परिणामकारक ठरते. चित्र घरात लागते, दुरुस्त्या सुचविल्या जातात आणि पुढील चित्रासाठी दार उघडते.

संमती व कायदा : भारतात सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई नाही. तथापि हा अधिकार अमर्याद नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाखालील मूलभूत अधिकाराचा भाग असल्याचा निर्णय दिला. स्त्रीची खाजगी अवस्थेतील प्रतिमा तिच्या संमतीवाचून घेणे वा पसरविणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली असून तत्पूर्वी, २०१३ पासून, तशीच तरतूद भारतीय दंड संहितेत होती. समुद्रस्नान करणारे पर्यटक, विहिरीवर वा खळ्यात घरकाम करणाऱ्या स्त्रिया, लहान मुले यांच्याबाबत म्हणूनच विशेष संयम आवश्यक असतो. संरक्षणविषयक प्रतिबंधित जागांचे छायाचित्रण शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ याखाली वर्ज्य आहे. देवळाच्या गाभाऱ्यात व खाजगी आवारात तेथील व्यवस्थापनाची वा मालकाची परवानगी घ्यावी लागते.

छायाचित्रावरील स्वामित्वाधिकार सामान्यतः ते घेणाऱ्याकडे राहतो. प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत आहे. परंतु चित्र आपल्या मालकीचे आहे म्हणून चित्रातील माणसाचा चेहरा आपल्या मालकीचा होतो, असे नाही. जाहिरातीसाठी तो वापरावयाचा असल्यास लेखी संमती घेणे योग्य ठरते. कायद्याने मनाई नाही तेथेही एखाद्याने हाताने नकार दर्शविल्यास कॅमेरा खाली करणे, हाच या छंदातील सर्वमान्य शिष्टाचार आहे.

जतन व मूल्य : पथछायाचित्राचे मूल्य काळाबरोबर वाढते, मात्र त्यासाठी ते टिकले पाहिजे व ओळखता आले पाहिजे. प्रत्येक चित्रामागे तारीख, गाव, वाडी वा रस्ता आणि शक्य असल्यास चाललेल्या कामाचे नाव लिहून ठेवावे. फिल्मच्या व्यस्त प्रती कागदी वा योग्य प्लॅस्टिकच्या पाकिटांत कोरड्या जागी ठेवाव्यात. कोकणातील दमट हवेत त्या एकमेकींस चिकटतात व त्यांवर बुरशी धरते. अंकीय चित्रांच्या किमान दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. भ्रमणध्वनी हरवला वा बिघडला की वर्षानुवर्षांची चित्रे एका दिवसात जातात. पूर्वी बारा चित्रांत एकही रस्त्याचे नसे; आता हजारो असतात, पण निवड व नोंद न झाल्याने ती तितकीच दुष्प्राप्य राहतात. महिनाअखेर दहाबारा चित्रे निवडून त्यांच्या कागदी प्रती काढणे हा यावरील सोपा उपाय आहे.

गेल्या काही दशकांत या किनाऱ्याचे स्वरूप वेगाने बदलले आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ खुला झाला आणि २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचा अन्य अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. कौलारू घरांच्या जागी सपाट गच्चीच्या इमारती, जाळी वाळविण्याच्या जागी निवासगृहे आणि मासेमारीच्या होड्यांशेजारी जलक्रीडेच्या नौका उभ्या राहिल्या. किल्ल्याची छायाचित्रे, आराखडे व वर्णने यांची वाण पडणार नाही. त्याचे जतन करणाऱ्या संस्था आहेत. बाजारपेठेतील एखाद्या दुकानाची फळी, रापणीचा दोर ओढताना रोवलेला पाय, एस्‌. टी.च्या खिडकीतून आत टाकलेली पिशवी यांची दफ्तरी नोंद मात्र कोठेही होत नाही. ती करण्याचे काम त्या रस्त्याने रोज चालणाऱ्या हौशी माणसालाच जमते. कारण ठरावीक जागी, ठरावीक अंतराने, दरवर्षी परत जाणे त्याला शक्य असते. एकाच वळणावरून दर वर्षी एक चित्र घेतले, तरी वीस वर्षांनी तयार होणारी मालिका त्या गावाच्या इतिहासाचे साधन ठरते आणि त्यातील माणसांना नावे देऊ शकणारे लोकही त्या वेळी त्याच गावात असतात.